ईएन-३१ च्या सुऱ्याचा बाक: हार्डनिंगनंतर वाकलेलं एक पातं सरळ कसं झालं

पातं असं होतं. ईएन-३१ या जास्त कार्बनच्या, क्रोमियम असलेल्या पोलादाची सपाट पट्टी, एकूण लांबी ३८० मिमी, त्यातली धारेची लांबी २५०, रुंदी ४५ आणि पाठीशी जाडी २.५. पाठीकडचा १५ मिमीचा पट्टा सपाट ठेवून त्याखाली दोन्ही बाजूंनी उतार घासून झालेले, धारेच्या कडेला साधारण १ मिमी जाडी राखलेली. ८३० अंशांवर तापवून तेलात विझवल्यावर ते बाहेर आलं ते उजवीकडे वाकूनच. धारेच्या कडेला बाक १.८ मिमी, पाठीवर १.५, आणि टोकाशी थोडा पीळ.

बनवणारा तरुण नऱ्ह्याला एका भाड्याच्या शेडमध्ये सुऱ्या करतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, हात चांगला, घाई थोडी जास्त. मागणी सदाशिव पेठेतल्या एका काकूंची. त्या घरून फराळाचे पदार्थ करून देतात, त्यात अळूवड्या आणि नारळाच्या वड्या भरपूर. त्यांना लांब, पातळ आणि सरळ सुरा हवा होता. सरळपणा इथे दिसण्यापुरता नाही. अळूवडीचा उकडलेला उंडा कापताना वाकलेलं पातं आपल्या बाकाच्या दिशेनं सरकत जातं आणि वडी वरून जाड, खालून पातळ निघते. अशी वडी तळली की पातळ कड करपते आणि जाड कड मऊ राहते. वडी जेमतेम ८-१० मिमी जाडीची, त्यामुळे १.८ मिमीचा बाक ताटात दिसतोच.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये हीट ट्रीटमेंटवर काम केलेला माणूस. गेज, पंच, डाय यांचे बाक काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. सुऱ्या करणारी नवी मुलं अडली की फोन करतात. या प्रकरणाची टिपणं मी नीट ठेवली, कारण त्यात बाक येण्याची कारणं आणि काढण्याचे उपाय दोन्ही स्वच्छ दिसले.

पहिला तास

तेलातून काढून पुसल्यावर त्याचा फोन आला.

"काका, पातं वाकलंय. कानस नुसती घसरते, म्हणजे कडक झालंय. व्हाइसमध्ये धरून दाबू का?"

"अजिबात नको. आधी ओव्हनमध्ये टाक. दीडशे अंश, एक तास. मग बोलू."

"पण गरम होऊन अजून वाकलं तर?"

"वाकलं तर बघू. मोडलं तर बघायला काही उरणार नाही."

विझवल्याबरोबर ईएन-३१ ची कठिणता रॉकवेल सी या मापावर ६४-६५ च्या आसपास असते. त्या अवस्थेतलं मार्टेन्साइट, म्हणजे विझवल्यावर पोलादात तयार होणारी कडक रचना, काचेसारखं ठिसूळ. शिवाय आतमध्ये ताण कोंडलेले असतात, आणि ते बाहेरच्या जोराची वाट न पाहताही तडा पाडू शकतात. कडक झालेलं पातं टेम्पर न करता, म्हणजे बेताच्या उष्णतेत परत न तापवता, रात्रभर ठेवायचं नाही, हा नियम टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. दीडशे अंशांचा एक तास कठिणता फारशी कमी करत नाही, पण पातं हाताळण्याजोगं करतो. पुढे बाक काढण्यासाठी जो बदल आपल्याला पोलादात घडवून आणायचा असतो, त्यातला बराचसा शिल्लकही राहतो.

मोजमाप

नुसत्या डोळ्यानं "वाकलंय" एवढंच कळतं. बाक कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्याचा आकार कसा आहे, हे कळल्याशिवाय मी पात्याला हात लावू देत नाही.

ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर पाठीकडचा सपाट पट्टा टेकवून, मुठीच्या बाजूपासून दर २५ मिमीवर फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, फट मोजली. धारेच्या कडेला पोलादी पट्टी लावून तेच केलं. आकडे कागदावर उतरवल्यावर चित्र स्पष्ट झालं. पहिले ७५ मिमी पातं सरळ होतं. १७५ मिमीच्या पुढेही सरळ होतं. सगळा बाक मधल्या १०० मिमीत साठलेला. आणि पाठीपेक्षा धारेकडे जास्त.

हा आकार बरंच काही सांगतो. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या कमानीत वाकलेलं असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा सतत लवकर थंड झाली, असा संशय घ्यावा. तेलात शिरताना पातं तिरकं गेलं किंवा आत गेल्यावर आडवं हलवलं की असं होतं. एखाद्याच ठिकाणी कोपर आल्यासारखं झालं असेल तर तिथली जाडी, तिथलं घासकाम किंवा तिथली सांडशीची पकड तपासावी. टोकाला पीळ असेल तर दोन्ही बाजूंच्या उतारांची तुलना करावी. आपलं प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातलं होतं.

कारण

त्या मुलाचा स्वतःचा अंदाज वेगळा होता. त्यानं भट्टीत पातं आडवं, दोन विटांवर ठेवलं होतं. विटांमधलं अंतर जवळपास ११० मिमी. बाकही तेवढ्याच लांबीचा. त्यामुळे "लाल झाल्यावर स्वतःच्या वजनानं खाली बसलं" असं त्याला वाटलं. ऐकायला पटतं, पण हिशेब जुळत नाही. २.५ मिमी जाडीच्या पट्टीवर ११० मिमीच्या आधारात स्वतःच्या वजनाचा ताण ०.३ मेगापास्कलसुद्धा होत नाही. ८३० अंशांवर पोलाद नरम असतं हे खरं, तरी एवढ्याशा ताणानं दहा-पंधरा मिनिटांत दोन मिमीजवळ खाली बसण्याइतकं नरम नसतं. लांब तलवारीसारखं काही असतं, किंवा अर्धं पातं अधांतरी असतं, तर गोष्ट निराळी.

हिशेबावर थांबलो नाही. त्याच पट्टीचे तुकडे शेडमध्ये उरले होते. एक तुकडा काहीही न घासता, न ठोकता, त्याच दोन विटांवर आडवा ठेवून तसाच तापवला आणि त्याच तेलात विझवला. तो ०.२ मिमीच्या आत सरळ निघाला. म्हणजे विटा सुटल्या, तेल सुटलं आणि तेलात घालायची पद्धतही सुटली.

मग त्याला विचारलं, "पट्टी आणली तेव्हा सरळ होती का?"

"नाही काका, थोडी कमान होती. ऐरणीवर ठोकून सरळ केली."

थंड पट्टी ठोकून सरळ केली की ती दिसायला सरळ होते, पण आत ओढाताण शिल्लक राहते. तापवल्यावर ती सुटते, आणि पट्टी जुन्या आकाराकडे परत जाते. दुसरा तुकडा मुद्दाम तसाच ठोकून सरळ केला, ६५० अंशांवर तासभर ठेवला आणि भट्टीतच हळूहळू थंड केला. विझवण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तो ०.६ मिमी वाकून निघाला. म्हणजे बाकाचा साधारण तिसरा हिस्सा हार्डनिंगच्या आधीपासूनच पात्यात दडलेला होता.

उरलेला हिस्सा उतारात सापडला. धारेच्या कडेवर मधली रेघ ओढून मोजलं तर ८० ते १७० मिमीच्या टापूत उजवी बाजू डावीपेक्षा पाव मिमी जास्त घासलेली. तिथे एक खोल ओरखडा होता, तो काढण्यासाठी त्यानं पातं बेल्टवर जास्त वेळ टेकवून ठेवलं होतं. धारेकडे बाक जास्त का, याचं उत्तर इथे मिळालं. टोकाचा पीळही याच असमान घासकामातून आलेला.

पाव मिमीनं एवढं का व्हावं, हे समजून घेण्यासारखं आहे. विझवताना पोलाद आधी थंड होऊन आकसतं. मग साधारण सव्वादोनशे अंशांच्या खाली ऑस्टेनाइटचं, म्हणजे तापलेल्या पोलादातल्या नरम रचनेचं, मार्टेन्साइट होऊ लागतं आणि तेव्हा ते फुगतं, आकारमानात सुमारे ४ टक्के. पातळ भाग आधी आकसतो, आधी फुगतो आणि आधी कडक होतो. जाड भाग मागून येतो, आणि तो फुगतो तेव्हा शेजारी कडक झालेलं पोलाद त्याला जागा देत नाही. आकसणं आणि फुगणं या दोन ओढी परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे बाक कोणत्या बाजूला जाईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर तो येईल, एवढं मात्र सांगता येतं.

जे उपाय बाजूला ठेवले

व्हाइसमध्ये थंड दाबून सरळ करणं हा सगळ्यांच्या मनात येणारा उपाय. त्याचं गणित मी त्याला कागदावर करून दाखवलं. ६० रॉकवेलच्या आसपासचं पोलाद सुमारे २००० मेगापास्कलपर्यंत लवचिकच राहतं, म्हणजे सोडलं की परत येतं. पोलादाचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कल धरला तर तोवर पोलाद लांबीत १ टक्का ताणलं जातं. १५० मिमीवर दोन आधार आणि मध्ये जोर, अशा मांडणीत २.५ मिमीची पट्टी मध्ये १५ मिमी खाली दाबेपर्यंत कायमची वाकतच नाही. पातं धारेकडे निमुळतं असल्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मुद्दा बदलत नाही. १.८ मिमी बाक काढायला १५ मिमीच्या पलीकडे दाबावं लागेल, आणि त्या टप्प्यावर असं पातं वाकण्याऐवजी मोडण्याची शक्यताच जास्त. मोडलं की तुकडे उडतात. मुलं हा प्रयोग चष्म्याशिवाय करतात, हे मला सहन होत नाही.

पातं पुन्हा नरम करून, सरळ करून, परत हार्डनिंग करणं शक्य होतं. पण प्रत्येक वेळी तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, खवले सुटतात, आणि धारेशी राखलेली १ मिमी जाडी त्यात खर्च होते. शिवाय हार्डन झालेलं ईएन-३१ नॉर्मलाइज न करता, म्हणजे तापवून हवेत थंड न करता, सरळ परत विझवलं तर तडे जाण्याचा धोका. हा उपाय शेवटचा म्हणून राखून ठेवला.

पाठ गॅसच्या ज्योतीनं निळी होईपर्यंत तापवून वाकवणं काही जण करतात. धार ओल्या कपड्यात किंवा पाण्यात ठेवून ते जमतंही. मात्र निळा रंग येतो तो ३०० अंशांच्या आसपास, आणि साधारण २६० ते ३७० अंश हा टप्पा अशा पोलादांना ठिसूळ करणारा. सरळ झालेलं पण ठिसूळ पातं मला कोणाच्या स्वयंपाकघरात द्यायचं नव्हतं. याच कारणानं टेम्परिंगचं तापमान वाढवून काम सोपं करण्याचा मोहही टाळला.

कार्बाइडच्या टोकाचा छोटा हातोडा हा मात्र चांगला उपाय आहे आणि त्याच्याविषयी गैरसमजही तेवढेच. पातं बाकाच्या आतल्या, खोलगट बाजूवर ठोकायचं, फुगलेल्या बाजूवर नाही. पातं ऐरणीवर खोलगट बाजू वर करून ठेवायचं आणि पाठीच्या जवळच्या जाड भागावर एकमेकांच्या जवळ हलके ठोके द्यायचे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याचं भांडं ठोक्यांनी घडवणं, पाहिलं असेल तर तत्त्व लगेच कळेल. प्रत्येक ठोका पृष्ठभाग किंचित पसरवतो, आणि ज्या बाजूची कातडी लांबते ती बाजू बाहेर ढकलली जाते. ६० रॉकवेलच्या पोलादावर साधा हातोडा खूण उमटवू शकत नाही, म्हणून टोक कार्बाइडचं लागतं. अडचण अशी की हे खड्डे नंतर घासून काढावे लागतात. जास्त खोल घासलं तर पसरलेला थरच निघून जातो आणि बाक काही अंशी परत येतो. ०.३-०.४ मिमीच्या बाकासाठी मी हा हातोडा आनंदानं वापरीन. १.८ साठी वापरला असता तर पात्यावर देवीचे व्रण राहिले असते.

टेम्परिंगमध्ये पकडून ठेवणं

टेम्परिंगच्या उष्णतेत मार्टेन्साइटमधला कार्बन बारीक कार्बाइडच्या रूपात बाहेर पडू लागतो आणि आतले ताण सैल होतात. या काळात पातं आपण वाकवून धरलं तर त्या वाकण्यातला काही भाग ते कायमचा स्वीकारतं. सगळा नाही, काहीच. म्हणून सरळ रेषेच्या पलीकडे, उलट्या दिशेनं वाकवून धरावं लागतं. थंड अवस्थेत १५ मिमीलाही न बधणारं पातं इथे पाच-सहा मिमीत ऐकतं. जोर कमीच, पण त्याला उष्णता आणि दोन तास मिळतात.

मांडणी साधी. २५ मिमी चौरस माइल्ड स्टीलचा ३०० मिमी लांब बार, कारण पात्यापेक्षा आधार कितीतरी ताठ हवा, नाहीतर आधारच वाकतो. बाकाच्या दोन्ही टोकांच्या थोडं बाहेर, एकमेकांपासून १५० मिमी अंतरावर, पितळी पट्टीचे तुकडे. पितळ अशासाठी की कडक पात्यावर ओरखडा येत नाही. पात्याची फुगलेली बाजू वर. मध्ये एक सी-क्लॅम्प, तोही पितळी चकती ठेवून, जो पातं खाली ओढून बारला टेकवतो. खाली पट्ट्या नसत्या तर क्लॅम्पनं पातं जेमतेम सरळ झालं असतं. पट्ट्यांची उंची म्हणजेच आपण उलट दिशेला किती नेतो तो आकडा. पहिल्या वेळी ती ३.६ मिमी ठेवली, बाकाच्या दुप्पट. मध्ये एकूण सरक ५.४ मिमी झाली. त्याचा ताण हिशेबानं ७०० मेगापास्कलच्या थोडा वर येतो, २००० पासून पुष्कळ लांब.

क्लॅम्प थंड पात्यावर आवळायचा नाही. बार आणि पातं ओव्हनमध्ये दीडशे अंशांपर्यंत तापू द्यायचं, चामड्याचे हातमोजे घालून बाहेर काढायचं, क्लॅम्प सावकाश पीळ देत आवळायचा आणि परत आत. एवढा जाड बार तापायला वेळ घेतो. ओव्हनच्या बाहेरच्या डायलवर २०० दिसलं म्हणून पातं २०० ला पोहोचलं असं नाही. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक बारला चिकटवून बांधलं आणि दोन तास तिथून मोजले. घरगुती ओव्हनचा डायल वीस-तीस अंशांनी चुकलेला असू शकतो, त्यामुळे वेगळा तापमापक लागतोच. पुण्यातल्यांसाठी एक गोष्ट: हे काम गुरुवारी काढू नका. दुरुस्तीसाठी वीज गेली तर पातं अर्ध्या टेम्परवर क्लॅम्पमध्ये अडकून बसतं.

दोन तासांनंतर क्लॅम्प न सोडता सगळं हवेवर हाताला थंड लागेपर्यंत ठेवलं. सोडल्यावर बाक ०.७ मिमी उरला होता.

मुलगा खूश झाला. "काका, आता परत तेवढंच केलं की संपलं!"

तसं होत नाही. पहिल्या टेम्परमध्ये पोलाद जेवढं देतं, तेवढं दुसऱ्यात देत नाही, कारण आतला बराचसा बदल घडून गेलेला असतो. म्हणून दुसऱ्या वेळी पट्ट्या ५ मिमीच्या केल्या, म्हणजे उरलेल्या बाकाच्या सातपट. एकूण सरक ५.७ मिमी, पहिल्या वेळेच्या जवळपास. आणि तापमान पाच अंश वाढवून २०५. पहिल्यापेक्षा थोडं वर गेलं की सैल होण्याची प्रक्रिया पुन्हा हलते. पिळासाठी टोकाशी आणखी एक क्लॅम्प लावला, आणि तिथे फक्त धारेच्या बाजूखाली पट्टीचा पातळ तुकडा सरकवला, म्हणजे टोक पिळाच्या उलट फिरलं. पीळ पाहण्याची आमची जुनी पद्धत अशी: पात्यावर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, एक मुठीशी, एक टोकाशी, आणि एका टोकाकडून पाहायचं. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. एक डोळा मिटून पाहिलेलं इथे कोणत्याही डायलइतकं चांगलं काम देतं.

दुसऱ्या टेम्परनंतर बाक ०.१५ मिमी, पीळ नजरेला दिसेना. इथे थांबलो.

थांबणं महत्त्वाचं होतं. तिसऱ्यांदा अजून जास्त पट्ट्या घालून ०.१५ सुद्धा काढता आला असता, किंवा पातं दुसऱ्या बाजूला गेलं असतं. समोर अजून घासकाम बाकी होतं, आणि घासकामात पातं थोडं हलतंच.

घासकाम आणि शेवटची तपासणी

डावी बाजू जाड होती, त्यामुळे पहिला घास तिच्याच वाट्याला आला. उंची गेजनं धारेच्या कडेवर मधोमध दोन समांतर रेघा ओढल्या आणि दोन्ही उतार त्या रेघांपर्यंत आणले. नवा ६० ग्रिटचा सिरॅमिक बेल्ट, कमी वेग, हातमोजे न घालता. उघड्या बोटांना चटका बसला की पाण्यात बुडवायचं. पातं दोनशेला टेम्पर झालेलं, आणि झिजलेल्या बेल्टवर पातळ धार काही सेकंदांत त्याच्या पलीकडे जाते. धारेवर पिवळसर किंवा तपकिरी रंग उमटला म्हणजे तेवढा भाग नरम झालाच.

एका बाजूला फार वेळ न घालवता आलटून पालटून घासलं आणि मधून मधून सरफेस प्लेटवर पाहिलं. कडक पोलादातही ताण उरलेले असतात, एका बाजूचा थर निघाला की दुसरी बाजू खेचते. उतार सारखे झाल्यावर उरलेला बाक ०.१ मिमीच्या आत आला. धार लावण्याआधी कडेची जाडी ०.३ मिमी ठेवली, मग दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंशांचा कोन. कठिणता एका ओळखीच्या टूलरूममध्ये तपासली, ६० आली. पाठीवर घेतलेली खूण मुठीखाली झाकली गेली.

काकूंना देताना त्या मुलानं एक गोष्ट नीट समजावली ते मला आवडलं. "काकू, हे स्टेनलेस नाही. अळूवडीला चिंच असते, कापून झालं की लगेच धुऊन कोरडं करायचं. थोडं खोबरेल लावून ठेवलंत तर उत्तम." चिंचेच्या आंबटाने पातं राखाडी-निळसर होतं, त्यानं बिघडत काही नाही. ओलं ठेवलं तर मात्र गंज खड्डे पाडतो. वड्या आता दोन्ही कडांना सारख्या जाडीच्या पडतात, असं त्यांनी कळवलं.

त्यानंतरची पाती

याच मापाचं पुढचं पातं करताना क्रम बदलला. पट्टी थंड ठोकून सरळ केली ती केलीच, पण उतार ओबडधोबड घासून झाल्यावर ६५० अंशांवर तासभर ठेवून भट्टीत थंड केली. त्यात जे वाकायचं ते वाकलं, आणि पोलाद नरम असल्यामुळे हातानं सरळ करता आलं. मग पुन्हा एकदा ६५० चा फेरा, आणि त्यानंतरच हार्डनिंग. दोन्ही उतार मधल्या रेघेपासून मोजून सारखे केले. भट्टीत विटेला चर पाडून पातं पाठीवर उभं ठेवलं. विटा या प्रकरणात निर्दोष ठरल्या असल्या तरी उभ्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखी उष्णता लागते.

विझवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचाही वापर केला. ईएन-३१ तेलात झपाट्यानं सव्वादोनशे अंशांच्या जवळ आणलं की त्या क्षणी ते अजून बरंचसं ऑस्टेनाइट असतं, म्हणजे नरम. तेलातून धूर निघत असतानाच ते बाहेर काढून दोन जाड, सपाट ॲल्युमिनियमच्या पाटांमध्ये दाबून धरलं. पाट जुन्या बाजारातून आणून प्लेन करून घेतलेले. पातं त्यांच्यामध्ये सरळ अवस्थेतच कडक होत गेलं. लवकर काढलं तर तेल पेट घेऊ शकतं आणि पोलादही पूर्ण कडक होत नाही. उशिरा काढलं तर ते कडक झालेलं असतं आणि दाबताना तडकू शकतं. शेजारी तेलाच्या भांड्याचं घट्ट झाकण आणि कोरड्या पावडरीचा अग्निशामक ठेवला, पाण्याची बादली दूर. ते पातं ०.३ मिमीच्या आत निघालं आणि पहिल्याच टेम्परमध्ये सरळ झालं.

आता त्याच्याकडे १.६ मिमी जाडीच्या सुऱ्याची मागणी आहे. तिथे हा क्रमही पुरणार नाही. इतक्या पातळ पट्टीवर आधी उतार दिले तर धार कागदासारखी होते आणि विझवताना लहरी येतात. त्या लहरी तीन बिंदूंच्या क्लॅम्पनं निघत नाहीत, कारण एक दाबली की शेजारची वर येते. म्हणून ते पातं उतार न देता, सगळीकडे सारख्या जाडीचं ठेवून हार्डन करायचं ठरलं आहे, पाटांमध्ये धरून, आणि सगळे उतार टेम्परिंगनंतर ओल्या बेल्टवर काढायचे. बेल्ट जास्त लागतील, वेळही दुप्पट जाईल, आणि तो खर्च त्यानं किमतीत आधीच धरला आहे.